आतली नाही म्हणते

त्याने मला फसवलं. स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकाला राहणाऱ्या, नखांत कायम माती असलेल्या एका म्हाताऱ्याने मला सलग तीन हिवाळे फसवलं. आणि मी म्हणजे कोण, तर मँचेस्टरच्या बाजारात जिला लांबून येताना बघून व्यापारी आपले दर आधीच वाढवून ठेवत, ती बाई. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरंच चांगलं बोलणार आहे आणि त्यातून कुणाचा गैरसमज व्हायला नको. इतक्या सभ्यपणे मला आजवर कुणीही फसवलेलं नाही. त्याचाच तर जास्त राग येतो.

मी मूळची इचलकरंजीची. लग्न होऊन मँचेस्टरला आले आणि हातमोज्यांच्या कारखान्यात अंगठे शिवायला बसले. कारखाना बुडाला तेव्हा त्याची दोन मशिनं मी भांडून पदरात पाडून घेतली आणि त्यांतून माझं वर्कशॉप उभं केलं. टोप्या, हातमोजे, कोटांच्या कॉलरी. आमचं गिऱ्हाईक म्हणजे गळ नाहीतर बंदूक घेऊन रानात हिंडणारे साहेबलोक. त्यांना सगळं आजोबांच्या वेळचं लागतं, आणि आजोबांच्या वेळची सर्वांत जुनी वस्तू म्हणजे मोलची कातडी. मोल हा प्राणी आपल्याकडे नाही. चिचुंद्रीसारखं तोंड, फावड्यासारखे हात. जमिनीखाली बोगदे खणायचे आणि शेतकऱ्याच्या कुरणात मातीचे ढिगारे उठवायचे, एवढाच त्याचा उद्योग. आमच्या घरात त्याचं नाव भुयाऱ्या. त्याच्या अंगावरून हात पुढे फिरवा की मागे, लव सारखीच मऊ लागते, कारण अरुंद बोगद्यात त्याला जितकं पुढे जावं लागतं तितकंच मागेही सरकावं लागतं. असली मखमल गिरणीत होत नाही. मी गिरण्यांच्या गावची आहे, मला कळतं.

हा म्हातारा त्या भुयाऱ्यांना पकडणाऱ्या घराण्यातला शेवटचा. आजोबा पकडत, वडील पकडत. त्या काळात थंडी पडली की सगळं घर याच कामाला लागे. पुरुष दिवसभर बर्फातून सापळ्यांची फेरी मारत, कधी ससे, कधी मुंगसासारखे पण थंडीत पांढरे पडणारे स्टोट घेऊन येत, आणि बायका चुलीपाशी बसून सोलत, ताणत, वाळवत. मी त्याच्याकडे जायला लागले तेव्हा दोन हजार साल उजाडलं होतं आणि त्या घरात दोनच माणसं उरली होती, हा आणि याची थोरली बहीण. दोघांचीही लग्नं झालेली नव्हती. इनव्हर्नेसच्या एका दुकानदाराने मला पत्ता दिला तेव्हा तो म्हणाला होता, "माल उत्तम आहे, पण माणूस बोलत नाही." मला हसूच आलं. न बोलणारा माणूस म्हणजे सौद्यात निम्मा हरलेला माणूस, असं मी तोपर्यंत समजत होते.

त्याच्या तऱ्हा सांगायच्या तर कुठून सुरू करू? तो माणसाला नावाने हाक मारत नसे, गावाने मारी. मी 'मँचेस्टर'. आमचे हे माझ्यासोबत गाडी चालवत येत, तर तेही 'मँचेस्टर'च, फक्त जरा हळू आवाजात. साबण त्याच्या घरात नव्हता. सापळ्याला हात लावण्याआधी तो ताज्या ढिगाऱ्यातली माती घेऊन कोपरापर्यंत चोळायचा, सर्जन हात धुतात तसा. नवा सापळा आणला की एक उन्हाळाभर जमिनीत पुरून ठेवायचा, दुकानाचा वास जायला. मी पहिल्यांदा त्याच्याबरोबर कुरणात गेले तेव्हा शंभर पावलंही झाली नसतील, तो थांबला, हवा हुंगली आणि म्हणाला, "मँचेस्टर, डोक्याला काय लावलंय?"

"खोबरेल."

"पुढच्या तीन शेतांतल्या मोलना कळलं," असं म्हणून त्याने मला कुंपणाबाहेर उभं केलं. तेव्हापासून त्याच्याकडे जायच्या आठवड्यात मी तेल लावत नसे. नवऱ्यासाठी हे कधी केलं नव्हतं, हे आमच्या ह्यांनी मला बरेचदा ऐकवलंय.

बोगदा कुठून जातो हे तो टाचेने ओळखायचा. टाच हलकेच टेकवायची, जमीन किंचित दबली की खाली वाट आहे. ही सवय इतकी हाडात मुरली होती की तो स्वतःच्या स्वयंपाकघरातही तसाच चालायचा, आणि आमच्या व्हॅनमध्ये बसण्याआधी पायपुसणंसुद्धा दाबून बघायचा. शहराचा त्याला तिटकारा होता. "फुटपाथवर खाली काय चाललंय ते कळतच नाही," अशी त्याची तक्रार. उघड्या मोरीत पाय जाण्याची भीती ज्या गावात असते तिथून मी आलेली. म्हटलं, न कळलेलंच बरं.

माझी धाकटी मुलगी इकडेच जन्मली. ती या सगळ्यावर नाराज. "आई, तो बिचारी काय केली तुला?" असं ती तिच्या मोडक्या मराठीत भुयाऱ्याची बाजू घेऊन विचारी. मी ते म्हाताऱ्याला सांगितलं. त्याचं उत्तर यायला इतका वेळ लागे की आपण तेवढ्यात स्वतःहून दोन सवलती देऊन बसायचो. मग म्हणाला, "तिचं बरोबर आहे. पण शेतकरी त्याला ठेवणार नाही. विष घातलं की तो तिथेच कुजतो. आम्ही पकडला तर निदान कुणाचे तरी कान ऊब धरतात." आणि थोड्या वेळाने, "म्हणून तर किंमत मी बोलत नाही."

हा त्या घराचा नियम होता. पकडायचं पुरुषांनी, सोलायचं बायकांनी. पकडणाऱ्याने सुरीला हात लावायचा नाही, आणि किंमत ठरवायची ती सोलणारीने. जीव घेणारा हात पैसे मोजायला लागला की मोजणं थांबत नाही, असं त्याचे आजोबा म्हणत. मला वाटलं, छान युक्ती आहे. आपल्याकडेही दुकानातला माणूस 'मालकांना विचारून येतो' म्हणत आत जातो आणि पाणी पिऊन परत येतो. मी पुरती ओळखून होते.

पण इथे आत खरंच कुणीतरी होतं. मी दर बोलले की म्हातारा उठायचा, टाचेने जमीन दाबत मागच्या खोलीत जायचा आणि दार लोटून घ्यायचा. आतून एका बाईचा खणखणीत आवाज यायचा, "नाही!" मग तो बाहेर येऊन, जणू मला ऐकूच आलं नाही अशा अदबीने सांगायचा, "ती नाही म्हणते."

मी तिला कधी पाहिलं नाही. "त्यांना बाहेर बोलवा ना," म्हटलं की तो म्हणे, "ती कामात आहे." मी तिचं नाव 'आतली' ठेवलं. आतलीशी सौदा करणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारण्यासारखं होतं, आपण जितक्या जोराने मारू तितक्याच जोराने परत. मी आवाज चढवून दाराच्या दिशेने बोलायचे, माल खाली ठेवायचे, पर्स बंद करायचे, एकदा तर व्हॅनमध्ये जाऊन बसले. आमचे हे म्हणाले, "अगं, जी बाई तू बघितलीही नाहीस तिच्याशी भांडायला आपण दिवसभर गाडी चालवत येतो. गल्लीत कमी आहेत का?"

"गल्लीत तिच्या तोडीची कुणी नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

त्या भांडणांत मी ह्यांच्याकडे वळून मराठीत पुटपुटायचे, "परवडत नाही." म्हाताऱ्याने एकदा विचारलं, याचा अर्थ काय. मी सांगितला. त्याने तो शब्द दोनतीनदा तोंडात घोळवला आणि नेहमीसारखा आत गेला. पुढच्या हिवाळ्यात मी नुसती किंमत उच्चारली, म्हातारा अजून खुर्चीतून उठायचा होता, आणि बंद दाराआडून गर्जना झाली, "पर्वडट नाई!"

मी रागाने लाल झाले आणि तशीच हसत सुटले. आमच्या ह्यांनी चहाचा कप खाली ठेवून भिंतीला नमस्कार केला. त्या दिवशी मी आतलीने सांगितलेला दर निमूट दिला. आयुष्यात अशी हार मी एवढीच मानली असेल.

मग आमचं दोघींचं वेगळंच सुरू झालं. मी चकल्यांचा डबा आत पाठवायचे, डबा रिकामा परत यायचा आणि त्यात सशाच्या कातडीची एखादी पट्टी असायची, अशी ताणलेली की बोटाने शोधूनही सुरकुती सापडू नये. मी माझ्या वर्कशॉपचा हातमोज्यांचा जोड पाठवला. म्हातारा बाहेर येऊन म्हणाला, "अंगठा तिरका बसलाय म्हणते." ज्या बाईने आयुष्याची सुरुवातच अंगठे शिवून केली तिला हे सांगायचं! मी घरी येऊन त्याच साच्यातला दुसरा जोड उसवून पाहिला. होता तिरका. जरासा होता. हे मी तिला कळू दिलं नाही.

तिच्या कामाची एक खूण होती. कातडी ओली असताना फळीवर चौकोनी ताणून वाळवावी लागते. सगळे त्यासाठी लोखंडी खिळे वापरतात. त्यांच्या घरात मात्र ब्लॅकथॉर्न नावाच्या झुडपाचे काटे वापरत, बाभळीच्या काट्यांसारखे लांब, पण काळे. काट्याचं भोक बारीक आणि स्वच्छ राहतं. लोखंड ओल्या कातडीला गंजाची तपकिरी कडी सोडतं. अंधारात नुसती कड चाचपून मी सांगितलं असतं, हे आतलीचं.

आणि मग एका हिवाळ्यात मी जिंकले.

किंमत बोलले, नेहमीसारखी लाजिरवाणी कमी. म्हातारा आत गेला. आवाज आला नाही. जरा वेळाने बाहेर येऊन म्हणाला, "चालेल म्हणते." मला आधी ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. परतीच्या वाटेवर मी व्हॅनमध्ये गाणी म्हणत होते. "नमली! अखेर नमली!"

"एकदम कशी नमली?" ह्यांनी विचारलं.

"आवाज ऐकलात का तिचा? नाही ना? हरलं की माणसाचा आवाज बसतो."

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही. मी बोलेन तो दर. चकल्यांचा डबा रिकामा यायचा, पट्टी मात्र नसायची. मी म्हटलं, हरणाऱ्याला राग येणारच. मँचेस्टरमध्ये मी ही गोष्ट लग्नकार्यांत, गणपतीच्या आरतीनंतर, हळदीकुंकवाला, सगळीकडे सांगितली. दरवेळी आतली थोडी अधिक भयंकर व्हायची आणि माझा विजय थोडा अधिक मोठा. कुरणाच्या तारेवर मोल ओळीने लटकवलेले दिसायचे, न सोललेले, कावळ्यांनी टोचलेले. "एवढा माल वाया?" मी विचारलं होतं. "तिला वेळ नाही," तो म्हणाला होता. मी तेवढ्यावर गप्प बसले. जिंकणाऱ्याला प्रश्न पडत नाहीत.

तिसऱ्या हिवाळ्यातला गठ्ठा मी वर्कशॉपमध्ये घाईने न उरकता नीट उजेडात उघडला. एका कातडीच्या कडेला गंजाची कडी होती. दुसरी पाहिली, तिलाही. सगळा गठ्ठा उलटा केला. चारी कडांना लोखंड. आतलीचा हात कुठेच नव्हता.

माझं डोकं सटकलं. म्हणजे हा माणूस कुणा भलत्याचा माल घराण्याच्या नावावर मला विकत होता! दर उतरला तो मी उतरवला म्हणून नव्हे, माल हलका होता म्हणून! मी त्याच क्षणी व्हॅनची किल्ली उचलली.

"अगं, फोन तरी कर."

"चोराकडे कुणी फोन करून जातं का?"

पोचलो तेव्हा म्हातारा दाराशी उभा होता. "मँचेस्टर? इतक्यात परत?" मी उत्तर न देता गठ्ठा टेबलावर आपटला आणि गंजाच्या कडीवर बोट ठेवलं. "हे कुणाचं काम?"

तो कडीकडे बघत राहिला.

"बोला! इतकी वर्षं मी तुमच्या घरच्या मालासाठी येते. बोलवा आतलीला बाहेर. तिच्यासमोर सांगा."

"ती कामात आहे," तो म्हणाला, पण फार हळू.

"मग मीच जाते." इतक्या वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते मी केलं. चालत गेले आणि ते दार ढकललं.

खिडकीपाशी एक खुर्ची होती. समोर वाळवणाच्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, त्यांच्यावर धूळ. खिडकीत एक जॅमची बरणी, काळ्या काट्यांनी भरलेली. सुरी कापडात गुंडाळून ठेवली होती. खुर्चीच्या हातावर माझे हातमोजे होते, अंगठा उसवून पुन्हा सरळ शिवलेले. माणूस कुणी नव्हतं. बरीच वर्षं नव्हतं, ते खोलीच्या वासावरून कळलं.

म्हातारा मागे येऊन उभा राहिला. उंबऱ्याच्या आत त्याने पाऊल टाकलं नाही.

"कधी?" मी विचारलं.

"ज्या हिवाळ्यात तुम्ही पहिल्यांदा जिंकलात, त्याच्या आधी. पानगळीत."

"मग मला सांगितलं का नाही?"

तो नेहमीइतकाच वेळ घेऊन म्हणाला, "तुम्ही कधी विचारलं नाही, मँचेस्टर. तुम्ही किंमत विचारत होता."

मी तिच्या खुर्चीत बसले. बसायला नको होतं. मग त्याने एकेक सांगितलं. सुरीला हात लावायचा त्याला हक्क नव्हता, म्हणून पकडलेले मोल तो तारेवर लटकवून टाकायचा. माझ्यासाठीची कातडी तो खाली बॉर्डर्समधल्या, म्हणजे पार इंग्लंडच्या सीमेजवळच्या, एका माणसाकडून आणायचा, दोन बस बदलून, जिथे खाली काय चाललंय ते कळत नाही अशा फुटपाथवरून चालत. "आणि किंमत?" मी विचारलं. "किंमत मी बोलू शकत नाही," तो म्हणाला. "मी आत यायचो, थोडा थांबायचो. ती काही बोलत नसे. म्हणून मग तुम्ही म्हणाल ते."

"पण कशासाठी हे सगळं?"

"वर्षभर ती तुमची वाट बघायची. इथे बाकी कुणी तिच्याशी भांडत नसे. माल नसता तर तुम्ही आला नसता."

आमचे हे बाहेर चुलीपाशी उभे होते. त्यांनी केटल ठेवली.

मला रडू येतंय असं वाटलं की मी चिडते, हा माझा जुना स्वभाव. मी उठले, बाहेरच्या टेबलाशी माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसले आणि म्हटलं, "ती काट्यांची बरणी मला हवी." आणि एक दर बोलले. लाजिरवाणा, नेहमीसारखा.

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"बघता काय? जा, विचारा तिला."

म्हातारा टाचेने जमीन दाबत आत गेला. दार लोटलं. यावेळी त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. केटल उकळली. बाहेर येऊन तो म्हणाला, "नाही म्हणते."

मी दर वाढवला. तो पुन्हा गेला. "नाही."

मी पर्स टेबलावर उपडी केली. "सगळं! सांगा तिला, हे सगळं!"

तो तिसऱ्यांदा आत गेला, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "पर्वडट नाई म्हणते," तो म्हणाला. "आणि अंगठा अजून तिरकाच बसतो म्हणते."

आम्ही तिघंही हसलो. मी एक कातडीही न घेता परत निघाले. व्हॅनपर्यंत सोडायला आला तेव्हा त्याने सवयीने पायपुसणं टाचेने दाबून पाहिलं.

पुढचा हिवाळा त्याने पाहिला नाही. शेजारच्या शेतकऱ्याचा फोन आला. आम्ही गेलो, त्याला मातीत ठेवताना उभे राहिलो. त्या मातीत भुयाऱ्यांचे ताजे ढिगारे होते, कुणी पकडणारं नव्हतं. नंतर मी त्याच्या घराशी गेले. कुलूप होतं. मागच्या खिडकीतून बरणी दिसत होती. शेतकरी म्हणाला, हवी तर घेऊन जा, कोण विचारतंय. मी घेतली नाही. सौदा झालेला नाही.

पण एक गोष्ट मला कुणीतरी समजावून सांगा. त्या माणसाला किंमत बोलायचा हक्क नव्हता, आणि तो हक्क त्याने कधी घेतला नाही. घेतला असता तर तीन हिवाळे मी म्हणेन त्या दराला मान डोलावली नसती. मग त्या दिवशी रिकाम्या खोलीतून तीनदा 'नाही' कुणी म्हटलं? त्याने म्हटलं असेल तर त्याने घराण्याचा नियम मोडला, तोही माझ्यासाठी, आणि मग जाब त्याने द्यावा. तिने म्हटलं असेल तर तीन हिवाळे ती गप्प का बसली, याचा जाब तिने द्यावा. त्या तीन विजयांचं मी काय करू, तेही सांगा. मला ते नकोत. मी दर बोलून अजून तिथेच उभी आहे. आतून कुणीतरी बोला.